बाळंतविड्याचा हिशेब

घरात पाळणा हलणार अशी वार्ता आली की आनंदाच्या पाठोपाठ एक कागद घरात येतो. पूर्वी तो कुणी लिहून काढीत नसे. आजीच्या डोक्यात तो तयार असे आणि त्यातील निम्म्याहून अधिक वस्तू घरातल्याच जुन्या पेटीतून निघत. आता तो छापील असतो किंवा मोबाइलच्या पडद्यावर असतो, आणि त्यातील प्रत्येक वस्तू दुकानातूनच यावयाची असते. माझ्या भाचीने जबलपूरहून गेल्या महिन्यात असाच एक कागद मला पाठविला. पहिलटकरीण आहे. तिचे यजमान एका खासगी कारखान्यात कारकून आहेत, ती स्वतः शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर आहे. कागदावर सत्तेचाळीस वस्तू होत्या. खाली तिने लिहिले होते : "मामा, यातले काय घ्यावे नि काय सोडावे ते तुम्ही आणि मामींनी सांगा. पण आम्ही काटकसर केली असे बाळाला पुढे कधी वाटता कामा नये."

वाचकहो, या शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. यादीचा प्रश्न तसा अर्ध्या तासाचा आहे, आणि माझ्या पत्नीने तो अर्ध्या तासात सोडविलाही. परंतु त्या वाक्यात जो प्रश्न दडलेला आहे तो सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याच्यासाठी पैसे मोजून खर्च करणे हे प्रेमातील उणेपणाचे लक्षण आहे काय? आणि तसे नसेल, तर मोजताना आपल्याला लाज का वाटावी?

दुकानदाराला ही लाज चांगली ठाऊक असते. माणूस आयुष्यात दोनच वेळा घासाघीस करीत नाही : पाळणा घेताना आणि शवपेटी घेताना. दोन्ही वेळी ज्याच्यासाठी वस्तू घ्यावयाची त्याला तिची किंमत कळत नसते, आणि भोवतालच्या सर्वांना ती कळत असते. एका आठवड्याच्या अर्भकाला आपल्या अंगावरचे झबले नवे की जुने हे समजत नाही. त्याला ऊब समजते, ओल समजते, भूक समजते, आईचा वास आणि आवाज समजतो. तेव्हा "बाळाला वाटता कामा नये" असे आपण म्हणतो त्या वेळी आपल्या मनात बहुधा बाळ नसतेच. तेथे जाऊबाई असतात, शेजारीण असते, मंडळीतले लोक असतात.

हे मी दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. 1989 साली आमच्या घरी पहिले अपत्य आले. मी तालुक्याच्या गावी शिक्षक होतो आणि पगार बाराशे-तेराशेच्या घरात होता. बाळाला पाहावयास पाळकसाहेब येणार, वडील मंडळी येणार, शाळेतील सहकारी येणार, म्हणून मी एक रंगीत, जाळीचा, चाकांचा पाळणा हप्त्यांवर घेऊन आलो. सासूबाईंनी गावाहून एक गाठोडे आणले होते. त्यात जुन्या नऊवारी लुगड्यांची धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली दुपटी होती, बाळंती होती, लंगोट होते, हाताने शिवलेली दोन टोपडी होती. ते गाठोडे मी कपाटाच्या तळाशी लोटले. फाटक्या लुगड्याच्या लंगोटातले माझे मूल कुणी पाहावे, हे मला सोसवेना. पाळण्याचा हप्ता तर भरलाच पाहिजे, म्हणून बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्यास आणि धुणे धुण्यास येणारी बाई मी बाराव्या दिवसापासून बंद केली. तेराव्या दिवशी माझी पत्नी मोरीत दगडावर धुणे धुवावयास बसली. वाचकहो, त्या दिवशी मला त्यात काहीही वावगे दिसले नाही. उलट, आपण बाळासाठी काटकसर केली नाही याचेच समाधान होते.

बाळ त्या पाळण्यात चार रात्री देखील निजले नाही. आईच्या शेजारी असले की निजे, पाळण्यात ठेवले की रडे. पुढे आम्ही त्या पाळण्यात इस्त्रीचे कपडे ठेवू लागलो. आणि ते गाठोडे? पावसाळा लागला, नव्या नायलॉनच्या चड्ड्यांनी बाळाच्या मांड्या लाल झाल्या, तेव्हा कपाटाच्या तळाशी हात घालण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

त्याच वर्षी नाताळच्या सुमारास लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचीत असता, शेकडो वेळा वाचलेल्या एका वचनापाशी मी प्रथमच थांबलो. गव्हाणीचा वृत्तांत आपणा सर्वांस पाठ असतो. बाळंत्यांत गुंडाळलेले बाळ आपण दरवर्षी देखाव्यात मांडतो. परंतु त्याच अध्यायात थोडे पुढे मरीया व योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमेच्या मंदिरात जातात आणि अर्पण करतात, त्या अर्पणाकडे आपले लक्ष जात नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, लेवीयाच्या बाराव्या अध्यायात, प्रसूतीनंतर स्त्रीने एक वर्षाचे कोकरू आणि त्याबरोबर पारव्याचे पिलू किंवा होला अर्पावा अशी आज्ञा आहे. मात्र कोकरू आणण्याची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले पुरेत, अशी सवलत त्याच ठिकाणी दिलेली आहे. मरीयेने अर्पण केले ते या सवलतीचे. लूकाने ते झाकलेले नाही. भाष्यकार यावरून असाही तर्क करतात की मागी लोकांचे सोने तोवर हाती आलेले नसावे, नाहीतर त्यांनी कोकरू घेतले असते.

विचार करा. मंदिराच्या अंगणात भोवती कोकरे घेऊन आलेली कुटुंबे असणार. या आईच्या कुशीत जे बाळ होते त्याच्याविषयी तिला देवदूताकडून जे कळले होते ते त्या अंगणात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. असल्या बाळासाठी कर्ज काढून कोकरू आणावे असे योसेफाला वाटले नसेल काय? माझ्यासारख्याला निश्चित वाटले असते. परंतु देवाने आपल्या नियमात गरिबासाठी जी जागा राखून ठेवली होती, तिचा त्यांनी उपयोग केला. तो करताना त्यांनी मान खाली घातली, असे लूक कोठेही सुचवीत नाही. ऐपतीप्रमाणे अर्पण करणे हे देवाच्या दृष्टीने उणे नाही असे ज्या नियमाने सांगितले, त्याच नियमाखाली आपला तारणारा मंदिरात आणला गेला. मी मात्र एका पाळण्याच्या हप्त्यापायी कोकरू आणावयास निघालो होतो, आणि त्याची किंमत भरली माझ्या पत्नीच्या कमरेने.

म्हणून काय घ्यावे आणि काय सोडावे याचा विचार करताना मी एका दुसऱ्या मातेकडे पाहतो. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशेच्या आईने बाळासाठी लव्हाळ्याचा पेटारा सिद्ध केला. पवित्र शास्त्रात एखाद्या बाळासाठी केलेल्या वस्तूचे इतके बारकाईने वर्णन क्वचितच सापडेल, आणि त्या वर्णनात सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : तिने त्याला डांबर व राळ लावली. त्यावर नक्षी होती की नव्हती, आत कोणत्या रंगाचे वस्त्र होते, याविषयी शास्त्र मौन आहे. नदीत पाणी आत शिरता कामा नये, ही त्या बाळाची गरज होती, आणि आईचे सारे प्रेम त्या डांबरात उतरले. पेटारा पाण्यावर ठेवल्यावर तिने मुलीला दुरून पहारा करावयास उभे केले. वस्तूवर विसंबून ती घरी जाऊन बसली नाही.

आता त्या यादीकडे वळू. प्रत्येक वस्तूला "तुझ्यात डांबर कोठे आहे?" असे विचारून पाहण्यासारखे आहे.

कपड्यांचेच घ्या. जन्मतः तीन किलोचे बाळ पाचएक महिन्यांत वजनाने दुप्पट होते आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट. पहिल्या मापाचे झबले आठ-दहा आठवड्यांच्या वर टिकत नाही, म्हणजे फाटत नाही, तोकडे पडते. ज्या घरात एकाच मापाची वीस झबली भेटीदाखल येतात तेथे त्यांतील दहा घडीही न मोडता पेटीत जातात. हन्नेने शमुवेलासाठी दरवर्षी एक लहानसा झगा शिवून शिलो येथे नेला, असे आपण वाचतो. मुलगा वाढत होता आणि तिचे मोजमाप त्याच्या वाढीबरोबर चालले होते. सहा झबली, चार दुपटी, दोन टोपडी आणि डास असतील तेथे एक चांगली मच्छरदाणी, एवढ्यावर पहिले दोन-तीन महिने सुखाने निघतात. लंगोट मात्र भरपूर लागतात, पंचवीस-तीस तरी, कारण पहिला आठवडा संपल्यावर बाळाने दिवसातून सहा वेळा किंवा त्याहून अधिक लंगोट ओले केले, तर त्याला दूध पुरते आहे असे डॉक्टर सांगतात. ओला लंगोट हे चांगले वर्तमान आहे, हे नव्या आईबापांनी ध्यानात ठेवावे. या कामी जुन्या सुती लुगड्याइतके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. प्रवासात, आजारपणात, किंवा चार दिवस ऊन न पडणाऱ्या पावसात तयार डायपर वापरले तर त्यात पाप नाही, सोय आहे. सोय आणि शान यांतला फरक आपल्या आपणास कळतो.

दुधाच्या बाटल्यांचा संच त्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होता, हे पाहून मला आश्चर्य वाटले. आपल्या देशाने 1992 साली कायदा करून बाळाच्या दूधभुकटीच्या आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीस बंदी घातली, आणि 2003 साली तो कायदा अधिक कडक केला. जी वस्तू विकण्यास मोकळीक आहे तिची जाहिरात करण्यास मात्र मनाई आहे, अशी उदाहरणे फार थोडी. यामागे कटू अनुभव होता. जेथे पाणी शुद्ध नाही आणि डबा महाग आहे तेथे आई भुकटी पातळ करीत जाते, बाटली नीट उकळली जात नाही, आणि बाळ जुलाबाने खंगते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला पाणीसुद्धा लागत नाही. काही मातांना अडचण येते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागते. त्यात अपराध वाटून घेण्याचे काहीच कारण नाही, आणि मंडळीतील बायकांनी तिला प्रश्न विचारून भंडावूही नये. परंतु तेव्हाही उकळून घेतलेली वाटी आणि चमचा बाटलीपेक्षा अधिक भरवशाचा. आपल्या आज्यांकडे त्यासाठी चांदीचे बोंडले असे. आता ते शोकेसमध्ये दिसते.

काही वस्तू स्वस्त आहेत म्हणून कुणी त्यांचा विचारच करीत नाही. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी, डोळ्यांत काजळ, अंगाला पावडर, जिभेवर मध, पोट दुखले की ग्राइप वॉटर. बाळाला उताणे, सपाट आणि किंचित कठीण अंथरुणावर, उशीवाचून निजवावे, आणि वर्षाचे होईतो मध चाटवू नये, असे बालरोगतज्ज्ञ आज स्पष्टपणे सांगतात. पावडरीची धूळ श्वासात जाते, काजळात शिसे असू शकते. या वस्तू सोडल्याने पैसे थोडेच वाचतात, पण आजीशी वाद होतो, आणि त्या वादातही आदर सुटता कामा नये. चाकांच्या वॉकरचे तसे नाही. तो महागही आहे आणि घातकही. पायऱ्यांवरून कोसळणारी बाळे पाहून कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. मूल त्यामुळे लवकर चालावयास लागते ही समजूतही खरी नाही. आपला लाकडी पांगुळगाडा बरा : त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते.

उलट, ज्या वस्तूत खरोखरीचे डांबर आहे ती बहुधा यादीत नसतेच. आपल्याकडील कितीतरी कुटुंबे दुचाकीवरून मूल घेऊन जातात. 2022 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या डोक्यावर मापाचे हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा हवा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको, असा नियम केला, आणि तो पुढील वर्षी अंमलात आला. बाप्तिस्म्याच्या एका तासासाठी सॅटिनचा झगा आणि लेसची टोपी घेणारे आपण, त्याच बाळाला वर्षाचे झाल्यावर स्कूटरवर पुढे उघड्या डोक्याने उभे करतो. त्याच पैशात लहान हेल्मेट आले असते. ते कुणी कौतुकाने पाहत नाही, एवढाच त्याचा दोष.

आता त्या मोशेच्या आईकडे पुन्हा. फारोच्या कन्येने पेटाऱ्यातील बाळ पाहिले, आणि बहिणीच्या चातुर्याने ते दूध पाजण्यास त्याच्याच आईकडे आले. राजकन्येने तिला त्याचे वेतन देऊ केले. आपल्याच बाळाला पाजण्याचे वेतन! हा तपशील आपण हसून सोडून देतो, परंतु मला वाटते, बाळाच्या खर्चाचा हिशेब कोठून सुरू करावा हे तो तपशील सांगतो. बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांचे सगळे अन्न, बरीचशी ऊब आणि जवळजवळ सगळी शांती एकाच ठिकाणाहून येते, आणि त्या ठिकाणी काय गेले याचा हिशेब कोणत्याही बाळंतविड्यात नसतो. दूध, डाळ, पालेभाजी, अळीव, लोहाच्या गोळ्या, कपडे धुणारे दोन हात आणि दुपारची अखंड दोन तासांची झोप या वस्तूंना रंगीत वेष्टन नाही. लेवीयाच्या नियमाप्रमाणे मुलगा झाल्यास मातेला चाळीस दिवस आणि मुलगी झाल्यास ऐंशी दिवस वेगळे राहावे लागे. आपल्याकडेही सव्वा महिन्याचे बाळंतपण असते. त्यांमागील शुद्धाशुद्धतेची कल्पना आपण मागे टाकली, ते योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर त्या मातेची विश्रांतीही टाकून दिली काय? 2017 साली सुरू झालेल्या केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याच्या वेळी पात्र मातेस 5000 रुपये देण्याची तरतूद झाली ती तिच्या बुडालेल्या मजुरीपोटी आणि पोषणापोटी, म्हणजे फारोच्या कन्येने ओळखली होती त्याच गरजेपोटी. ते पैसे किती घरांत आईच्या ताटात पोहोचतात आणि किती घरांत पाळण्याच्या सजावटीत जातात, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते पाहावे.

आईचे अंग हीच बाळाची पहिली वस्तू आहे, हे श्रीमंत जगाला गरिबांनी शिकविले. 1978 साली कोलंबियातील बोगोटा शहरातील एका गर्दीने भरलेल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या उबदार पेट्या पुरत नव्हत्या. एडगर रे आणि हेक्टर मार्तीनेस या डॉक्टरांनी ती इवली बाळे आईच्या छातीशी, कातडीला कातडी भिडवून बांधून ठेवावयास आरंभ केला. ती ऊब पुरेशी पडली. आज आपल्या देशातील रुग्णालयांतही ही रीत शिकविली जाते, आणि ज्यांच्याकडे पेट्या भरपूर आहेत ते देशही ती वापरतात. माझे बाळ त्या जाळीच्या पाळण्यात का निजत नव्हते, याचे उत्तर मला असे फार उशिरा मिळाले.

येथे सवलतीचा प्रश्न पुन्हा येतो. 1985 पासून चालू असलेल्या सार्वत्रिक लसीकरणात बाळाच्या लसी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. जन्मतःच क्षयावरील, पोलिओची आणि काविळीची, पुढे इतर. जुलाबावरील रोटाव्हायरसची लस 2016 पासून आणि न्यूमोनियावरील लस 2017 पासून त्यांत येत गेली. तरीही आपल्या मंडळीतील बेताच्या मिळकतीची कुटुंबे खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजतात, कारण सरकारी दवाखान्याच्या ओळीत ओळखीचे कुणी भेटले तर काय म्हणेल! तेथे गर्दी असते, बाके मोडकी असतात, हे मला मान्य आहे. पण त्या ओळीत उभे राहणे म्हणजे मंदिराच्या अंगणात दोन पारवे घेऊन उभे राहणे आहे, आणि तेथे आपल्या आधी कोण उभे राहून गेले आहे हे आपण वाचलेले आहे.

एवढे लिहिल्यावर माझ्याच लेखणीविषयी मला थोडी धास्ती वाटते. हिशेबाची बाजू घेताना मनुष्य नकळत एका वाईट सोबत्याच्या शेजारी जाऊन बसतो. बेथानीत मरीयेने प्रभूच्या चरणांना जटामांसीचे मोलवान तेल लावले, तेव्हा हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही असे विचारणारा मनुष्य यहूदा इस्कर्योत होता. दीनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षभराची कमाई एका घटकेत सांडली गेली. यहूदाचा हिशेब बरोबर होता. त्यात एका आण्याची चूक दाखविता येणार नाही. आणि तरीही प्रभूने बाजू घेतली ती त्या स्त्रीची. मग माझ्या भाचीने कर्जाशिवाय, पोटाला चिमटा न घेता, केवळ आनंदापोटी एखादी बिनकामाची वस्तू घेतली तर मी कोण बोलणारा?

या प्रसंगाचा आधार घेऊन उधळपट्टीचे समर्थन करणारेही पुष्कळ आहेत, म्हणून त्यातील एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. मरीयेने सांडले ते तिचे स्वतःचे होते, आणि ज्याच्यावर ती प्रेम करीत होती त्याच्याच पायांवर ते सांडले गेले. मी पाळणा घेतला तो पत्नीच्या विश्रांतीतून, आणि तो सांडला गेला पाहुण्यांच्या डोळ्यांवर. उलटपक्षी यहूदाच्या काटकसरीत गरिबांची काळजी नव्हती, हे योहान स्वच्छ सांगतो. तेव्हा नुसत्या खर्चाने प्रेम सिद्ध होत नाही, तसेच नुसत्या बचतीने शहाणपणही सिद्ध होत नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे सांगणारा प्रभू आणि सांडलेल्या तेलाचा स्वीकार करणारा प्रभू हा एकच आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र कशा धराव्यात हे मला पूर्णपणे उमगले आहे असा माझा दावा नाही. मला एवढेच दिसते की आपल्या घरांत हात आखडतो तो फार वेळा ठरावीक ठिकाणी आखडतो. पहिल्या मुलाला पाळणा नवा येतो, दुसऱ्या मुलीला तोच पुरतो. तिसरी मुलगी झाली की एकाएकी सर्वांना साधी राहणी आठवते. ही काटकसर देवाच्या पुढे ठेवून पाहावी.

मंडळीच्या पातळीवर एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस वारली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखविली. मृत्युलेख म्हणून कपडे दाखविले गेले, असा हा विरळा प्रसंग. आपल्या महिला मंडळाने एक लोखंडी पेटी ठेवावी. तीत पाळणा, मच्छरदाणी, झोळी, दुपटी, लोकरीची टोपडी, बाप्तिस्म्याचे दोन चांगले झगे, हे सारे धुऊन, उन्हात घालून, घडी करून असावे आणि एका घरातून दुसऱ्या घरात जावे. अट एकच : मंडळीतील सधन कुटुंबांनी प्रथम त्या पेटीतून वस्तू नेल्या पाहिजेत. ते नेतील तर ती पेटी मंडळीची होईल. केवळ गरिबांनी नेल्या तर ती दानपेटी होईल, आणि तिला कुणी हात लावणार नाही. हेल्मेट आणि मोटारीतील बाळाची खुर्ची मात्र अशी फिरवू नये. अपघातात सापडलेली असेल तर तिचा दोष वरून दिसत नाही.

पत्नीने भाचीच्या कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या. सत्तेचाळीसांतील तेरा वस्तू ठेवल्या. त्यांतील एक खुळखुळा आहे, लाकडी, लाल-हिरव्या लाखेच्या रंगाचा. तो कशाला, असे मी विचारले नाही. शेवटी तिने आपल्या हाताने दोन ओळी वाढविल्या, ज्या छापील यादीत नव्हत्या. "तुझ्यासाठी रोज अर्धा लिटर दूध, सहा महिने." आणि तिच्याखाली : "धुण्याभांड्याला बाई, चाळीस दिवस. हिचे पैसे मामा पाठवतील." मला न विचारताच तिने हे लिहिले. मी ती ओळ वाचली आणि कागद तिच्या हाती परत दिला.

काल दुपारी तिने पेटीच्या तळातून सासूबाईंच्या गाठोड्यातले उरलेले एक लुगडे काढले, पदराकडचा जरीचा काठ उसवून बाजूला ठेवला, आणि लंगोटांचे चौकोन कापावयास घेतले. दोन सुयांत दोरा ओवून देण्यास तिने मला सांगितले. चष्मा लावूनही तिसऱ्या खेपेस कोठे तो ओवला गेला.